ब्लूज, सोल आणि सुरुवातीचं रॉक अँड रोल: कलाकारांवरची पुस्तकं कुठून सुरू करायची आणि कशी वाचायची

बी.बी. किंग नाहीतर अरीथा फ्रँकलिन ऐकून एकदा नाद लागला की पुढचा प्रश्न येतोच, या लोकांबद्दल वाचायचं तर सुरुवात कुठून करू. नेटवर याद्या ढिगाने मिळतात पण त्यातलं आधी काय आणि नंतर काय हे कुणी सांगत नाही, आणि पहिलंच एखादं जाडजूड इतिहासाचं पुस्तक घेऊन पन्नासाव्या पानावर थांबलेले लोक मी बरेच पाहिलेत, कारण तिथे दर पानाला डझनभर नवी नावं येतात आणि त्यातल्या एकाही नावाचा आवाज आपण ऐकलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कलाकारांची आयुष्यं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलीत, बऱ्याचदा गोऱ्या लेखकांनी, संशोधकांनी, रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी. त्यामुळे एका माणसावर निदान दोन पुस्तकं वाचायची आणि दोन्ही वाचताना गाणी चालू ठेवायची. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघालेल्या आहेत.

पायरी १: इतिहास बाजूला ठेवा, एक माणूस निवडा

ज्याचं गाणं आधीच डोक्यात बसलंय असा एकच कलाकार घ्या. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर बोलून सांगितलेली आत्मचरित्रं सगळ्यात सोपी जातात, कारण वाक्यं छोटी असतात आणि माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. मुंबईत ज्यांनी बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ च्या पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिवलला बडी गाय या ब्लूज गिटारवाल्याला ऐकलंय त्यांनी तर डोळे झाकून त्याचं 'व्हेन आय लेफ्ट होम' (२०१२) घ्यावं. लुईझियानातल्या लेट्सवर्थमध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरात १९३६ साली जन्म, लहानपणी खिडकीच्या जाळीची तार काढून वाद्य बनवायचा उद्योग, मग १९५७ मध्ये शिकागो, आणि तिथे उपाशीपोटी फिरताना भेटलेला ब्लूज गायक मडी वॉटर्स, ही सगळी गोष्ट इतकी सरळ सांगितलीय की दोन बैठकांत पुस्तक संपतं.

रॉक अँड रोलकडून येत असाल तर लिटल रिचर्ड. चार्ल्स व्हाइटचं 'द लाइफ अँड टाइम्स ऑफ लिटल रिचर्ड' (१९८४) हे जवळजवळ सगळं रिचर्डच्या आणि त्याच्या आसपासच्या लोकांच्या तोंडच्या बोलण्यातून उभं केलंय. जॉर्जियातलं मेकन गाव, न्यू ऑर्लिन्सच्या छोट्या स्टुडिओत सप्टेंबर १९५५ मध्ये झालेलं 'टुटी फ्रुटी'चं रेकॉर्डिंग, मूळचे चावट शब्द बदलून घ्यायला ऐनवेळी बोलावलेली डोरोथी लाबॉस्ट्री, आणि मग १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात सगळं सोडून देवाकडे वळलेला रिचर्ड. या माणसाची धाव कुठपर्यंत होती त्याचा एक पुरावा आपल्या पाचगणीतच आहे, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकणारा फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, शाळेच्या 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानोवर लिटल रिचर्डची गाणी वाजवायचा.

सोलकडून येणाऱ्यांसाठी रे चार्ल्सचं 'ब्रदर रे' (१९७८). दृष्टी गेल्यावरही आईने मुलाला घरातली सगळी कामं करायला लावली तो भाग वाचा, त्याच्या गाण्यातला ठामपणा कुठून आला ते लगेच कळतं.

पायरी २: एक नकाशा आणि चार-पाच शब्द

हे काम अर्ध्या तासाचं आहे पण केलं नाही तर पुढची सगळी पुस्तकं धूसर राहतात. अमेरिकेचा नकाशा उघडा आणि मिसिसिपी राज्याचा वायव्य भाग बघा, त्याला डेल्टा म्हणतात. तिथे क्लार्क्सडेल गाव शोधा, डॉकरी प्लांटेशन म्हणजे कापसाचा मळा शोधा, मग हायवे ६१ धरून वर मेम्फिसला या, आणि तिथून रेल्वेने थेट उत्तरेला शिकागो. साधारण १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली आणि ब्लूज त्यांच्याबरोबर गेला. मेम्फिसला एक गोल करून ठेवा कारण रेकॉर्ड कंपन्यांपैकी सन रेकॉर्ड्स पण तिथलीच आणि स्टॅक्स पण तिथलीच. डेट्रॉइट आणि न्यू ऑर्लिन्सलाही खूण करा.

आता शब्द. 'शेअरक्रॉपिंग' म्हणजे आपल्याकडची बटईची किंवा अर्धेलीची शेती, पण अट अशी की बियाणं, किराणा, कपडे सगळं मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं आणि वर्षाच्या शेवटी हिशोबही मालकच करणार, ऊसतोड कामगारांची उचल कशी फिटता फिटत नाही हे ज्याने पाहिलंय त्याला हे समजवायची गरज नाही. 'जूक जॉइंट' म्हणजे मळ्यांच्या आसपासच्या झोपडीवजा जागा, शनिवारी रात्री तिथे दारू, जुगार, नाच आणि ब्लूज. 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या काढलेल्या रेकॉर्ड्स, १९२० मध्ये मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' तुफान खपलं आणि कंपन्यांना हा बाजार दिसला. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने ते नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं, ते सुचवणारा पत्रकार जेरी वेक्सलर, जो पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये जाऊन अरीथाचा निर्माता झाला. आणि 'चिटलिन सर्किट' म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलाकारांना जिथे कार्यक्रम करता यायचे त्या थिएटर-क्लबांची साखळी, यावर प्रेस्टन लॉटरबाखचं २०११ चं स्वतंत्र पुस्तक आहे आणि ते फार रंगतदार आहे, बुकिंग करणारे दलाल, जुगारअड्डेवाले, बँडवाले सगळे एकाच धंद्यात कसे गुंतले होते ते त्यातून दिसतं.

पायरी ३: गाणं चालू ठेवूनच वाचा

पुस्तकात गाण्याचं नाव आलं की थांबायचं, यूट्यूबवर किंवा जिथे ऐकता तिथे ते लावायचं, ऐकून मग पुढे. वेग कमी होतो, होऊ दे. एका कलाकारासाठी एक प्लेलिस्ट करा आणि त्यात गाणी रेकॉर्डिंगच्या तारखेनुसार लावा, प्रसिद्धीनुसार नको.

उदाहरण म्हणून मडी वॉटर्स घेऊ. रॉबर्ट गॉर्डनचं 'कान्ट बी सॅटिस्फाइड' (२००२) उघडा. १९४१ च्या उन्हाळ्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचा जॉन वर्क असे दोघं क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आले आणि तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीचं 'आय बीज ट्रबल्ड' रेकॉर्ड केलं, नुसता आवाज आणि साधी गिटार. दोन वर्षांनी मडी शिकागोला गेला. १९४८ मध्ये तेच गाणं त्याने इलेक्ट्रिक गिटारवर 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' म्हणून परत गायलं आणि त्याचं नशीब फिरलं. ही दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका आणि मधली सात वर्षं पुस्तकात वाचा, खेड्यातून शहरात आल्यावर गाण्याचं काय होतं हे पानंच्या पानं विश्लेषण वाचूनही इतकं स्पष्ट होणार नाही.

याच्या जोडीला रॉबर्ट पामरचं 'डीप ब्लूज' (१९८१). हा माणूस स्वतः वादक होता आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये संगीतावर लिहायचा, त्यामुळे सूर कुठे किंचित खाली घेतलाय, ताल कुठे ओढलाय हे तो कानाने सांगतो. डॉकरीवरच्या चार्ली पॅटनपासून शिकागोच्या मडीपर्यंतची सलग ओळ हवी असेल तर एकच पुस्तक म्हणून मी हेच सांगेन, फक्त ते पहिलं वाचू नका, दुसरं किंवा तिसरं वाचा.

पायरी ४: हे नक्की कोण बोलतंय ते आधी तपासा

कव्हरवर कलाकाराचं नाव असलं तरी आत लिहिणारा दुसरा असू शकतो. या क्षेत्रात डेव्हिड रिट्झ हे नाव तुम्हाला सारखं भेटेल, रे चार्ल्स, बी.बी. किंग, एटा जेम्स, बडी गाय या सगळ्यांची आत्मचरित्रं त्याच्याबरोबर झालीत. सोल गायक मार्विन गे याचंही होणार होतं, पण १ एप्रिल १९८४ ला मार्विनला त्याच्याच वडिलांनी गोळी घातली आणि ते काम 'डिव्हायडेड सोल' (१९८५) नावाचं चरित्र म्हणून बाहेर आलं. फार जड पुस्तक आहे, मनाची तयारी ठेवून घ्या.

आता अरीथाची जोडी बघा, ही जोडी वाचणं म्हणजे चरित्र कसं वाचायचं याची शिकवणीच आहे. १९९९ मध्ये तिने रिट्झबरोबर 'फ्रॉम दीज रूट्स' केलं, त्यात बहुतेक सगळं गोड आहे, दुःखाच्या जागा आल्या की ती पटकन पुढे सरकते. मग २०१४ मध्ये त्याच रिट्झने तिच्या संमतीशिवाय 'रिस्पेक्ट' लिहिलं, भावंडांच्या आणि जवळच्या माणसांच्या मुलाखतींवर, आणि अरीथाने त्याचा जाहीर निषेध केला. आधी तिचं वाचा. नंतर दुसरं वाचताना एका कागदावर लिहून ठेवा की कुठली गोष्ट तिने पूर्ण गाळली, कुठली वेगळी सांगितली. मला दुसऱ्या पुस्तकातून माहिती जास्त मिळाली, पण पहिल्यातलं तिचं गप्प राहणं जास्त लक्षात राहिलं. काय सांगायचं आणि काय नाही हा हक्क तिने आयुष्यभर स्वतःकडे ठेवला आणि तोही तिच्या चरित्राचाच भाग आहे.

बिग बिल ब्रून्झी हा दुसरा नमुना. त्याचं 'बिग बिल ब्लूज' १९५५ मध्ये आलं, अतिशय वाचनीय, आणि त्यात त्याने स्वतःचा जन्म १८९३ चा, मिसिसिपीतला सांगितलाय. बॉब रीसमनने २०११ च्या 'आय फील सो गुड'मध्ये कुटुंबाची कागदपत्रं शोधून काढली तर माणसाचं मूळ नाव ली ब्रॅडली, जन्म १९०३ च्या आसपासचा, आणि वाढला अर्कान्सात. पण म्हणून पहिलं पुस्तक टाकून देऊ नका, युरोपातल्या गोऱ्या श्रोत्यांना जुना अस्सल ब्लूजवाला हवा होता आणि ब्रून्झीने त्यांना तो दिला, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. चक बेरीचं १९८७ चं आत्मचरित्र मात्र त्याने कुणा लेखकाची मदत न घेता लिहिलंय, शब्दांचे खेळ अगदी त्याच्या गाण्यातल्यासारखे. स्वतःच्या वागण्याबद्दल तो तिथे जे टाळतो त्यासाठी आर. जे. स्मिथचं २०२२ चं चरित्र घ्या.

संशोधकांनाही हाच नियम लावा. लोमॅक्सचं 'द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन' (१९९३) गाजलं, बक्षीसही मिळालं, पण जॉन वर्क आणि फिस्कच्या इतर कृष्णवर्णीय अभ्यासकांचं, ज्यात मडीचं रेकॉर्डिंग झालं त्या सर्वेक्षणातलं काम त्यात फारसं दिसत नाही. त्यांची हरवलेली हस्तलिखितं शोधून २००५ मध्ये 'लॉस्ट डेल्टा फाउंड' नावाने छापली गेली, म्हणजे साठेक वर्षांनी. मला याचा मनापासून राग येतो, आणि म्हणूनच ही दोन्ही पुस्तकं शेल्फवर एकमेकांना चिकटून असली पाहिजेत असं मी म्हणतो.

पायरी ५: रॉबर्ट जॉन्सन, पण या क्रमाने

सगळ्यांना आधी हाच हवा असतो. चौकात मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटार शिकला ही गोष्ट इतकी पसरलीय की माणूसच त्याखाली गाडला गेलाय. नक्की माहिती आहे ती अशी: जन्म मिसिसिपीतल्या हेझलहर्स्टमध्ये १९११, रेकॉर्डिंग फक्त दोनदा, नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, गाणी २९, मृत्यू १६ ऑगस्ट १९३८ ला ग्रीनवुडजवळ, वय २७. सैतानाची गोष्ट खरं तर आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूजवाल्याबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली.

क्रम असा ठेवा. पहिलं पीटर गुराल्निकचं 'सर्चिंग फॉर रॉबर्ट जॉन्सन' (१९८९), एका संध्याकाळी संपेल एवढं छोटं, त्यात शोध घेणाऱ्यांची ओढ कळते. दुसरं एलाय्जा वॉल्डचं 'एस्केपिंग द डेल्टा' (२००४), तो दाखवतो की जॉन्सन जिवंत असताना कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये फार मोठं नाव नव्हताच, त्या काळात लोक लिरॉय कारसारख्यांना ऐकत होते आणि जॉन्सनही त्यांच्याच रेकॉर्ड ऐकून शिकत होता, त्याला देव बनवलं ते त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या १९६१ च्या एलपीनंतर गोऱ्या चाहत्यांनी. तिसरं कॉनफोर्थ आणि वॉर्डलो यांचं 'अप जम्प्ड द डेव्हिल' (२०१९), जनगणना, शाळेच्या नोंदी, लग्नाचे दाखले, सगळं जुळवून केलेलं. यातल्या वॉर्डलोनेच १९६८ मध्ये जॉन्सनचा मृत्यूचा दाखला शोधला होता.

आणि शेवटी, पण वगळू नका, 'ब्रदर रॉबर्ट' (२०२०). हे सांगितलंय अॅनी अँडरसन यांनी, त्या जॉन्सनच्या सावत्र बहीण, मेम्फिसच्या घरात लहानपणी त्यांनी त्याला पाहिलेलं. इथे सैतान नाही, चौक नाही, घरात येऊन पोरांना गाणी म्हणून दाखवणारा, नीटनेटके कपडे घालणारा, रेडिओवरची लोकप्रिय गाणी वाजवणारा तरुण मुलगा आहे. कव्हरवर त्याचा तोपर्यंत कुणी न पाहिलेला फोटो आहे, हसरा. संशोधकांनी घरातून फोटो आणि कागद नेले आणि कुटुंबाच्या हाती काय लागलं हे त्या बाई ज्या शब्दांत सांगतात ते वाचल्यावर आधीची तिन्ही पुस्तकं परत चाळावीशी वाटतात. मॅक मॅककॉर्मिकचं 'बायोग्राफी ऑफ अ फँटम' हेही जॉन्सनवरचंच, लेखकाच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये आलं, तेही यानंतरच घ्या.

पायरी ६: पैशाच्या पानांवर थांबा

कराराची, रॉयल्टीची पानं लोक उडवतात, तिथेच तर खरी गोष्ट असते. चक बेरीच्या 'मेबलीन'वर (१९५५) सहलेखक म्हणून रेडिओवाला अॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावं लागली, ज्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. आर्थर क्रुडपचं 'दॅट्स ऑल राइट' गाऊन १९५४ मध्ये एल्विस सुरू झाला, आणि क्रुडप १९७४ मध्ये वारला तोवर हक्काच्या रॉयल्टीसाठी भांडतच होता. चेस या शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीसाठी नादिन कोहोडासचं 'स्पिनिंग ब्लूज इंटू गोल्ड' (२०००) घ्या, पोलंडहून आलेले लिओनार्ड आणि फिल हे दोन ज्यू भाऊ, त्यांचं आणि कलाकारांचं नातं घरच्यासारखंही आणि हिशोब गोंधळाचेही.

स्टॅक्ससाठी दोन आहेत, रॉब बोमनचं 'सोल्सव्हिल यूएसए' (१९९७) तपशिलासाठी आणि रॉबर्ट गॉर्डनचं 'रिस्पेक्ट युवरसेल्फ' (२०१३) गोष्टीसाठी. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अॅक्स्टन यांनी मेम्फिसमधल्या मॅकलेमोर अॅव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात काढलेला स्टुडिओ, वर्णभेदाच्या शहरात काळे-गोरे वादक रोज एकत्र बसून वाजवतायत. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, वय २६. मग कळलं की अटलांटिकबरोबरच्या करारातल्या एका कलमामुळे तोवरच्या सगळ्या मास्टर टेप्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, अटलांटिकच्या मालकीच्या झाल्यात, आणि एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तोही लोरेन मोटेलमध्ये, जिथे स्टॅक्सची मंडळी बसून गाणी लिहायची, 'नॉक ऑन वुड' तिथलंच. काही महिन्यांत एवढं सगळं. ते प्रकरण वाचून झालं की ओटिसचं 'डॉक ऑफ द बे' लावा.

पायरी ७: बायकांची पुस्तकं शेवटी ढकलू नका

बहुतेक याद्यांत ती तळाला असतात, तुम्ही तिसऱ्या-चौथ्या पुस्तकातच एक घ्या. गेल वॉल्डचं 'शाउट, सिस्टर, शाउट!' (२००७) सिस्टर रोझेटा थार्पवर आहे, चर्चची गायिका आणि हातात इलेक्ट्रिक गिटार, एल्विसच्या कितीतरी आधी. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये तिकीट लावून हिचं लग्न झालं आणि पुढे कार्यक्रमही. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या बंद रेल्वे स्टेशनवर केलेलं चित्रीकरण यूट्यूबवर आहे, ते आधी बघा. अँजेला डेव्हिसचं 'ब्लूज लेगसीज अँड ब्लॅक फेमिनिझम' (१९९८) मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडेवर आहे, भाषा अभ्यासू आणि थोडी कठीण, पण मागे मा रेनी आणि बेसीच्या गाण्यांचे शब्द उतरवून दिलेत आणि जुन्या खरखरीत रेकॉर्ड ऐकताना त्याचा प्रचंड उपयोग होतो. एटा जेम्सचं 'रेज टू सर्व्हाइव्ह' (१९९५) व्यसनाबद्दल काहीही न लपवता बोलतं.

पायरी ८: एल्विस, सॅम कुक आणि मंडळी

इथे गुराल्निकला पर्याय नाही. एल्विसवर त्याचे दोन खंड आहेत, पहिला 'लास्ट ट्रेन टू मेम्फिस' (१९९४) एल्विस सैन्यात जाईपर्यंत, दुसरा 'केअरलेस लव्ह' (१९९९) शेवटापर्यंत. वेळ कमी असेल तर पहिलाच वाचा. पण माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं पुस्तक सॅम कुकवरचं 'ड्रीम बूगी' (२००५), कारण त्यात चर्चमधली गॉस्पेल म्हणजे भक्तिगीतं गाणाऱ्या मंडळ्यांचं अख्खं जग उभं राहतं, तिथून पॉपकडे जाणं म्हणजे काय गमावणं होतं ते कळतं. जेरी ली लुईसवरचं निक टॉशेसचं 'हेलफायर' (१९८२) भाषेसाठी वाचा, तारखांसाठी नको. जेम्स ब्राउनसाठी जेम्स मॅकब्राइडचं 'किल एम अँड लीव्ह' (२०१६), गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला त्याचा पैसा कोर्टात कसा अडकून पडला ते त्यात आहे.

पायरी ९: मिळवायची कशी आणि नोंदी कशा ठेवायच्या

भारतात दुकानात एल्विस सोडला तर फारसं काही मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं. विद्यापीठांच्या प्रकाशनांची पुस्तकं महाग पडतात, त्यांची पेपरबॅक आली का ते आधी बघा, किंवा ई-बुकचा फुकट नमुना वाचून ठरवा. इंटरनेट आर्काइव्हवर काही जुन्या आवृत्त्या खातं उघडून उसन्या वाचता येतात, सगळ्या नाही. बोलून सांगितलेल्या आत्मचरित्रांचं ऑडिओबुक मिळत असेल तर जरूर घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी विकत घ्यायच्या आधी गावातल्या पब्लिक लायब्ररीत विचारावं, अमेरिकेत तर यातलं बरंचसं सहज मिळेल. छापील प्रत घेताना मागे सूची आणि रेकॉर्डिंगची यादी आहे का बघा, बोमनसारख्यांच्या पुस्तकात पुढे तोच भाग सारखा उघडला जातो.

वहीत प्रत्येक कलाकाराला एक पान द्या. डाव्या बाजूला गाणं, तारीख, स्टुडिओ, बरोबर कोण वाजवतंय. उजव्या बाजूला पुस्तकांत जिथे मतभेद आहेत त्या गोष्टी, आणि प्रत्येकीसमोर ती कुणी सांगितली, स्वतः कलाकाराने, नातेवाइकाने, कंपनीवाल्याने की संशोधकाने, आणि घटनेनंतर किती वर्षांनी.

आणि खिसा बघून सध्या तीनच पुस्तकं घ्यायची असतील तर 'ब्रदर रे', 'कान्ट बी सॅटिस्फाइड' आणि 'ब्रदर रॉबर्ट' घ्या, याच क्रमाने.